शिकलगाराचे चाक : तलवारीपासून विळीपर्यंत

१/ फैजपूर हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला बहुधा एकाच कारणाने ठाऊक असते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन येथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, नगराचे नाव टिळकनगर. बांबूच्या कमानी, बांबूचे कूड, बांबूचे मंडप. त्या नगराची वर्णने वाचताना एक साधा प्रश्न मनात अडकून राहिला. एवढा बांबू तोडला, चिरला, सोलला तो कशाने? आणि त्या कोयत्यांना धार कोणी लावली?

२/ प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण ज्याने बांबू सोलला आहे त्याला तो तसा वाटणार नाही. बांबूच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. चांगले पोलादही त्यावर लवकर बोथट होते. म्हणजे तोडणाऱ्या प्रत्येक हातामागे धार लावणारा आणखी एक हात असणार. आजचा धागा त्या दुसऱ्या हाताविषयी आहे. शिलेखान्यातली तलवार, सातपुड्यातला शिकारीचा सुरा आणि स्वयंपाकघरातली विळी या तिघींचा तो समाईक माणूस.

३/ आधी धार म्हणजे काय ते पाहू. पात्याचे दोन उतार जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. रेषा जितकी बारीक तितकी सुरी तीक्ष्ण. स्वयंपाकाच्या सुरीला दर बाजूस साधारण १५ ते २० अंशांचा उतार पुरतो. कातडे सोलायचे, हाडाला लागायचे अशा शिकारीच्या सुऱ्याला थोडा जाड, २० ते २५ अंशांचा उतार द्यावा लागतो, अन्यथा धारेचे तुकडे पडतात. वापराने ही रेषा वाकते, गोलावते, झिजते. ती परत आणायची तर दगडावर घासून धातू काढून टाकावा लागतो. दुसरा मार्ग नाही. म्हणजे धार लावण्याच्या प्रत्येक खेपेला सुरी थोडी लहान होते. ही गोष्ट लक्षात असू द्या, धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत येऊ.

४/ मराठीने या कामांची वाटणी नेमकी केली आहे. लोहार पात्याला ‘पाणी देतो’, म्हणजे तापवून द्रवात बुडवतो आणि कठीण करतो. झिजलेला फाळ किंवा कुदळ तो पुन्हा भट्टीत घालून टोक काढून देतो, त्याला ‘शेवटणे’ म्हणतात. आणि हत्यार ‘पाजवणे’ म्हणजे त्याला धार लावणे. ‘पाजवणे’ आणि ‘पाजणे’ यांचे नाते उघड दिसते. लोखंडाला काहीतरी प्यायला द्यायचे, ही कल्पना आपल्या भाषेत फार जुनी आहे.

५/ किती जुनी? सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गलक्षणाचा एक अध्याय आहे. त्यात शस्त्राला काय काय ‘पाजावे’ याच्या कृती दिल्या आहेत. त्यांतली एक वाचून मी थबकलो. केळीच्या राखेचा क्षार ताकात मिसळावा, तो एक दिवस ठेवावा, त्यात पोलाद पाजावे आणि मग ते नीट धारदार करावे. असे शस्त्र दगडावर आपटले तरी मोडत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाही, असा दावा आहे.

६/ केळीची राख! रावेर-यावल-फैजपूरच्या पट्ट्यात हे वाचणाऱ्याला हसू येईल. मात्र येथे घाई नको. या पट्ट्यातली आजची अफाट केळीलागवड ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे. वराहमिहिराशी तिचा धागा जोडणे हा शुद्ध भाबडेपणा ठरेल. कृती मात्र निराधार नाही. केळीच्या राखेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. तापलेले पोलाद साध्या पाण्यात बुडवले की त्याभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. क्षारयुक्त पाण्यात ते आवरण लवकर फुटते, पोलाद झपाट्याने थंड होते आणि अधिक कठीण बनते. ताकाचे प्रयोजन काय, हे विचारू नका.

७/ आता मुख्य पात्राकडे येऊ. अरबीत ‘सैकल’ म्हणजे जिल्हई, चकाकी. त्याला फारसी ‘गर’ लागून झाला सैकलगर, आणि मराठीत आला शिकलगार. शस्त्रे घासणारा, उजळणारा, धार लावणारा. आज सांगली, कोल्हापूर, पुणे या भागांत शिकलगार हे मुसलमान कुटुंबांचे आडनाव म्हणून भेटते. नांदेडकडे आणि उत्तरेत शिकलीगर शीख आहेत, आणि ते आपला वारसा गुरू गोविंदसिंगांच्या शस्त्रकारांशी जोडतात. धर्म दोन, शब्द एक, कसब एक.

८/ त्याचे चाक कसे होते? दगडाचे नव्हे, लाखेचे. कुरुंद नावाचा अतिशय कठीण खनिज दगड कुटून त्याची पूड करायची, ती वितळलेल्या लाखेत कालवायची आणि त्याची जाड चकती ओतायची. पूड भरड असली तर खरवडणारे चाक, बारीक असली तर जिल्हई देणारे. चाकाच्या आसाला चामड्याचा पट्टा गुंडाळलेला असे. समोर बसलेला मदतनीस पट्ट्याची दोन्ही टोके आळीपाळीने ओढी, की चाक एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरे. धार लावणारा त्यावर पाते धरी. हे काम एकट्याचे नव्हते. पट्टा ओढणारे हात बहुधा घरातलेच असत, बायकोचे, मुलाचे. कसब ज्याच्या नावावर नोंदले गेले त्याच्या समोर बसलेल्या या माणसाला तर नावही मिळालेले नाही.

९/ कठीण खनिजांच्या गणनेत हिऱ्याच्या लगेच खालचा मान कुरुंदाला आहे. माणिक आणि नीलम ही त्याचीच राजस भावंडे. दक्षिण भारतात तो सापडे, आणि इंग्रजीतले ‘कोरंडम’ हे त्याचे नाव तमिळ ‘कुरुंदम’ वरून गेले आहे. हे नाव जपून ठेवा, पुढे लागेल.

१०/ जगात इतरत्र काय चालले होते? नवव्या शतकात युरोपात चितारलेल्या ‘उट्रेख्ट साल्टर’ या हस्तलिखितात एक चित्र आहे. त्यात सज्जनांच्या सैन्यात तलवारीला फिरत्या, दांडीने गरगर फिरवायच्या दगडावर धार लावत आहेत. दुर्जनांच्या सैन्यात मात्र जुन्या पद्धतीने, हातातल्या निसण्यावर. युरोपातील फिरवायच्या दांडीचे हे सर्वांत जुने चित्र मानले जाते. देवाच्या बाजूला नवे यंत्र, सैतानाच्या बाजूला जुना दगड! चित्रकाराचे यंत्रप्रेम इतके उघड क्वचितच दिसते.

११/ आणि आपल्याकडे आईन-इ-अकबरीत अबुल फजलने अकबराच्या एका चाकाचे वर्णन केले आहे. बैलाने फिरवायचे हे चाक एकाच वेळी १६ बंदुकांच्या नळ्या आतून साफ करी. पूर्वी हेच काम बलदंड माणसे हाताने, दीर्घकाळ घासून करीत. याच अकबराने जानेवारी १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकींचा खानदेश मोगलांकडे गेला. रावेरच्या पलीकडचे बुऱ्हाणपूर हे मग दख्खनच्या मोहिमांचे ठाणे झाले. जिथे छावणी, तिथे पाती. आणि जिथे पाती, तिथे शिकलगार.

१२/ मराठ्यांच्या अठरा कारखान्यांत शिलेखाना, म्हणजे शस्त्रागार, होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात ‘शस्त्रवर्ग’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. फिरंग तलवारीची पाती युरोपातून येत, मूठ येथली. पण एवढ्यावर शस्त्रागार चालत नाही. आपल्या हवेत चार महिने पाऊस. उघडे पोलाद आठवड्यात तांबारते. पावसाळ्यात पाती तेल लावून ठेवायची आणि पाऊस सरताच घासून, पाजवून काढायची.

खंडेनवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमोल्लंघन, हा क्रम या दृष्टीने पाहा. पूजेला शस्त्र ठेवायचे तर ते आधी स्वच्छ हवे. धार्मिक अर्थ आपल्या जागी आहेच. पण मोहिमेच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाते हातात घेऊन पाहिले जाईल याची सोय या सणाने केली होती, असा माझा तर्क आहे. आजही त्या दिवशी लोहाराच्या ऐरणीला, शेतकऱ्याच्या विळ्याला आणि घरच्या विळीला एकच हळद-कुंकू लागते.

१३/ एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. जपानमध्ये तलवारींना जिल्हई देणे व त्यांची पारख करणे हा होन-आमी घराण्याचा पिढीजात व्यवसाय. त्याच घराण्यातला होन-आमी कोएत्सू (१५५८–१६३७) हा सुलेखन, कुंभारकाम व लाखकाम यांतला थोर कलावंत म्हणून तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. आपण भवानी तलवारीवर शंभर वर्षे वाद घातला. शिवकाळातल्या एका तरी शिकलगाराचे नाव तुम्हाला सांगता येईल का? मला येत नाही.

१४/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीकडे आला. पथके मोडली, शिलेखाने ओस पडले. शिकलगाराचे मोठे गिऱ्हाईक एका पिढीत नाहीसे झाले.

पण कंपनीपुढचा प्रश्न वेगळा होता. सातपुडा आणि सह्याद्रीतल्या भिल्लांकडे तीरकामठे होते, सुरे होते, कोयते होते, आणि ते कोणत्याही शिलेखान्यात जमा करता येत नव्हते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने खानदेश भिल्ल कोअर उभी केली, ठाणे धरणगावला. तो वाघांच्या शिकारीचा नादिष्ट होता आणि शिकारीच्या सोबतीतूनच त्याने भिल्लांचा विश्वास मिळवला, असे त्याचे चरित्रकार कौतुकाने सांगतात. एकच पारध, साहेबाच्या हाती ती पराक्रम, भिल्लाच्या हाती मात्र बंदोबस्ताचा विषय.

१५/ तो विश्वास किती टिकला? सेंधव्याचा घाट राखण्याच्या कामावर कंपनीनेच ठेवलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे भिल्लांची आणि इंग्रजी फौजेची लढाई झाली. समोर बंदुका, इकडे मुख्यतः बाण.

१६/ यानंतरच्या वीस वर्षांत सरकारने शस्त्र म्हणजे काय हे कागदावर पक्के केले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दात बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले आणि भाल्यांची पाती तर घातलीच. त्याबरोबर धनुष्यबाणही घातले. एवढेच नव्हे, शस्त्रे तयार करण्याची यंत्रसामग्रीही त्या व्याख्येत आली. शहरातल्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. ज्याच्या झोपडीच्या कुडाला कामठा टांगलेला असे, त्याच्या दृष्टीने त्याचे घरच या व्याख्येत आले.

१७/ स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा अधिक समंजस आहे. केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू त्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या. १९६२ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते हे मोजमाप आले. आणि तेथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाच्या पात्यांचा अपवाद.

आता केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्या मजुराचा कोयता घ्या. रुंदी दोन इंचांहून अधिक असू शकते. बागेत तो शेतीचे अवजार. तोच कोयता रात्री भांडणात निघाला की पोलिसांच्या पंचनाम्यात शस्त्र. पाते तेच, पोलाद तेच, धारही तीच. कायदा हेतू पाहतो, आणि त्याने तो पाहावाच. पण धार लावणाऱ्याच्या चाकाला हेतू दिसत नाही. सुरी समोर आली की तो ती पाजवून देतो. कायद्याने आखलेल्या रेषेवर नेमका हाच माणूस बसलेला असतो, आणि तोही बहुधा परगावचा, फिरस्ता, ओळखपाळख नसलेला.

१८/ फिरस्तेपणाची एक ऐतिहासिक बाजू आहे. लोहार बारा बलुतेदारांपैकी. गावाचे फाळ-विळे तो सांभाळी आणि सुगीला धान्य घेई. म्हणून गावच्या कागदपत्रांत तो सापडतो, त्याचे हक्क सापडतात, तंटेही सापडतात. शिकलगार बलुत्यांच्या प्रचलित यादीत नाही. घिसाडी हे भटके लोहार, हेही त्या चौकटीबाहेरचे. गावाबाहेर पाल ठोकायचे, भाता लावायचा, विळे-खुरपी घडवून द्यायची आणि पुढच्या गावाला जायचे. त्यांच्यात घण बहुधा बाई घालते आणि पुरुष सांडशीत लोखंड धरतो. ज्याने हे पाहिले आहे तो ‘जड काम पुरुषाचे’ हे वाक्य पुन्हा सहज उच्चारणार नाही. आज महाराष्ट्राच्या सूचीत घिसाडी भटक्या जमातींत मोडतात. ज्याला बलुते नाही त्याचा कागद नाही, आणि ज्याचा कागद नाही त्याच्यावर प्रबंध लिहिताना मार्गदर्शक विचारतात, “साधने कोठून आणणार?”

१९/ तलवारी गेल्या तेव्हा शिकलगार कुठे गेला? स्वयंपाकघराच्या दाराशी. न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री, खाटकाचा सुरा, घरची विळी आणि अडकित्ता. शंभर वर्षांपूर्वी सरदाराच्या वाड्यात मानाने बोलावला जाणारा माणूस आता गल्लीतून हाक देत फिरू लागला.

घरात मात्र तो एकटा धारकरी नव्हता. विळी पाजवण्याचे रोजचे काम बायका करीतच होत्या: पाट्याच्या कडेवर, उंबऱ्याच्या दगडावर, लोणच्याच्या बरणीच्या बुडाशी असलेल्या खरखरीत कडेवर. ही शेवटची युक्ती आजही उत्तम चालते. बरणीच्या बुडाला झिलई नसते, आणि भाजलेली ती माती पोलादाला पुरून उरते. भरताची वांगी आणि हिरव्या मिरच्या रोज ज्या विळीवरून उतरतात, तिची धार राखण्याचे हे ज्ञान कोणत्याही कोशात नोंदले गेले नाही. ते सासूकडून सुनेकडे गेले, तेही बहुधा ओरडा खाताना.

२०/ कुरुंद जपून ठेवायला सांगितले होते. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन याने विजेच्या भट्टीत एक नवा कठीण पदार्थ तयार केला. तो कार्बन आणि कोरंडमचा संयोग असावा अशा समजुतीने त्याला नाव दिले ‘कार्बोरंडम’. समजूत चूक होती, नाव राहिले. कारखान्यात तयार झालेली एकसारखी, स्वस्त चाके जगभर गेली आणि लाखेत कुरुंद कालवण्याचे कसब निरुपयोगी झाले. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली. तमिळ शब्द अमेरिकेचा फेरा करून, शेपटीला कार्बन लावून, स्वतःच्या घरी परत आला.

२१/ या नव्या चाकानेच आपल्या ओळखीचा सायकलवाला घडवला. सायकल स्टँडवर उभी, पायडल मारले की पट्ट्याने पुढचे छोटे चाक गरगर फिरते. पट्टा ओढणाऱ्या दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही. पण या वेगात एक तोटा लपला आहे. ठिणग्या उडतात तेव्हा धारेची बारीक रेषा क्षणात तापते. पोलादावर निळी झाक आली की समजावे, लोहाराने दिलेले पाणी उतरले. ती धार आज कापते, आठवड्याने बोथटते. जाणता कारागीर म्हणून पाते अलगद टेकवतो, वारंवार पाण्यात बुडवतो आणि शेवटचा हात साध्या दगडावरच फिरवतो.

२२/ दुसरा धक्का शेफील्डहून आला. १९१३ मध्ये हॅरी ब्रियर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादाचे मिश्रण शोधत होता. हाती आले न गंजणारे पोलाद, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग झाला जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांसाठी. पुन्हा तोच प्रवास, शस्त्रागारातून स्वयंपाकघराकडे. सुरुवातीच्या त्या सुऱ्यांना धार टिकत नसे. न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून लोक त्याची थट्टा करीत. आज प्लॅस्टिकच्या मुठीची स्वस्त स्टीलची सुरी बोथट झाली की आपण नवी आणतो. धार लावायला जेवढे पैसे द्यायचे, त्यात थोडी भर घातली की नवीच मिळते. गंजणे थांबले आणि पाजवणेही.

२३/ पुन्हा टिळकनगर. फैजपूरच्या अधिवेशनाला जोडून खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते आणि त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. दोन वर्षांपूर्वीच, डिसेंबर १९३४ मध्ये, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता. सूत, घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद, कातडे ही त्या चळवळीची परिचित नावे. धार लावणे त्यांत भेटत नाही. मी याचा दोष कोणाला देत नाही. सूत मांडता येते, तेल बाटलीत दाखवता येते. धार लावणाऱ्याचे काम झाले की त्याच्या हातात दाखवण्यासारखे काहीच उरत नाही, उरते ते दुसऱ्याच्या सुरीत.

२४/ आणि आता सुरुवातीची गोष्ट. धार लावणे म्हणजे धातू काढून टाकणे. म्हणजे जे पाते खूप वापरले गेले, वारंवार पाजवले गेले, ते झिजत झिजत संपले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुंदर अडकित्ते आहेत, विळ्या आहेत. शस्त्रसंग्रहांत रुंद, भरदार तलवारी आहेत. भरदार का? कारण त्यांना चाक फार लागले नाही. मानाच्या, दरबारी, पेटीतल्या वस्तू टिकल्या. रोज लढलेली तलवार आणि रोज भाजी चिरलेली विळी संग्रहालयापर्यंत पोहोचतच नाही. ती भंगारात जाते, वितळते, सळई होते. काचेआडची शस्त्रे पाहून ‘आपले पूर्वज अशी हत्यारे वापरीत’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा न वापरलेली हत्यारे पाहत असतो.

२५/ म्हणून एक विनंती. घरात आजीची जुनी लोखंडी विळी असेल तर मोडीत घालण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्या. शेजारी पट्टी ठेवा. पाते मुळात किती रुंद असावे, याचा अंदाज पाटाजवळच्या न झिजलेल्या भागावरून येतो. मध्यभागी ते चंद्रकोरीसारखे आत गेलेले दिसेल. ते अंतर मोजा. विळी कोणत्या गावची, कोणाच्या हातची, ती पाजवायची कशावर, धारवाला यायचा तर कोणत्या ऋतूत यायचा आणि मोबदल्यात काय घ्यायचा, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहा. फैजपूर, सावदा, यावल, रावेरकडच्यांनी आवर्जून लिहा.